पुन्हा पुन्हा होणारं युरिन इन्फेक्शन आणि प्रोबायोटिक्स: बायकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लघवी तपासायला येणारी बाई डबी सरळ काउंटरवर ठेवत नाही. रुमालात, नाहीतर औषधाच्या कागदी पिशवीत गुंडाळून आणते आणि इकडेतिकडे बघून हळूच हातात देते. मी जिल्ह्याच्या गावी एका लॅबमध्ये सूक्ष्मजीवशास्त्राचं काम करते. अशा डब्या रोज उघडते. तीन-चार महिन्यांनी रजिस्टरमध्ये पुन्हा तीच नावं दिसतात, आणि हल्ली त्यातल्या बहुतेकींचा एक प्रश्न ठरलेला असतो: प्रोबायोटिकच्या गोळ्यांनी हे थांबेल का? मी डॉक्टर नाही, औषध लिहून देणं हे तुमच्या डॉक्टरांचं काम. जंतू मात्र मी रोज बघते आणि त्यांच्याबद्दल जे संशोधन होतं ते वाचते. त्यावरून ही उत्तरं.

“पुन्हा पुन्हा” म्हणजे नेमकं किती वेळा?

सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षभरात तीनदा इन्फेक्शन झालं, तर डॉक्टर त्याला वारंवार होणारं इन्फेक्शन म्हणतात. पण इथे एक गोष्ट आधी सांगायला हवी. प्रत्येक जळजळ म्हणजे इन्फेक्शन नसतं. आपल्याकडे “उन्हाळी लागली” म्हणतात ना, त्यात कितीतरी वेळा पाणी कमी पडून लघवी घट्ट, गडद पिवळी झालेली असते आणि दिवसभर नीट पाणी प्यायलं की उतरते. कधी बुरशीचा त्रास असतो, खाज येते, दह्यासारखं पांढरं जातं, आणि लघवी तिथून जाताना झोंबते. या सगळ्याला “युरिन इन्फेक्शन” म्हणून ओळखीच्या मेडिकलमधून तीन दिवसांच्या गोळ्या आणल्या जातात.

म्हणून प्रोबायोटिकचा विचार करण्याआधी निदान एकदा, त्रास चालू असताना आणि अँटिबायोटिक सुरू करण्याआधी, लघवीची कल्चर तपासणी करून घ्या. वारंवार त्रास होत असेल तर दर वेळी करावी. कोणता जंतू आहे आणि तो कोणत्या औषधाला दाद देतो, हे त्याशिवाय कळत नाही.

मी इतकी स्वच्छता ठेवते. मग मलाच का होतं?

हा प्रश्न विचारताना बायकांचा आवाज खाली जातो. आपण अस्वच्छ आहोत असं समोरच्याला वाटेल, ही भीती. ती आधी काढून टाका.

बाईची मूत्रनलिका साधारण ४ सेंटिमीटर लांब असते, पुरुषाची त्याच्या कितीतरी पट. शिवाय तिचं तोंड योनिमार्गाच्या आणि गुदद्वाराच्या जवळ. साध्या मूत्राशयाच्या इन्फेक्शनमध्ये बहुतेक वेळा सापडतो तो ई. कोलाय, म्हणजे आपल्याच आतड्यात राहणारा जंतू. तो आतड्यातून बाहेरच्या त्वचेवर येतो, तिथून योनिमार्गाच्या तोंडाशी ठाण मांडतो आणि मग मूत्रनलिकेतून वर चढतो. त्याच्या अंगावर बारीक केसांसारखे तंतू असतात, त्यांच्या टोकाने तो मूत्राशयाच्या आतल्या पेशींना धरून बसतो. म्हणून लघवीच्या धारेबरोबर सगळे जंतू वाहून जात नाहीत.

या वाटेवर पहारा असतो तो लॅक्टोबॅसिलस जातीच्या जिवाणूंचा. आल्बर्ट डोडरलाइन या जर्मन डॉक्टरने १८९२ मध्ये योनिमार्गातल्या या जिवाणूंचं वर्णन केलं. योनिमार्गातल्या स्रावाची काच रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरली की ते मला दिसतात: मोठ्या, गुलाबी छटेच्या पेशी आणि त्यांच्यावर विखुरलेल्या लांब, सरळ, गर्द जांभळ्या काड्या. कुणीतरी काडेपेटी उपडी केल्यासारख्या. हे जिवाणू पेशींमध्ये साठवलेल्या साखरेपासून, म्हणजे ग्लायकोजेनपासून, लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि तिथला सामू ३.८ ते ४.५ च्या आसपास ठेवतात. एवढ्या आंबट जागी ई. कोलायला पाय रोवणं जड जातं. ज्यांना सारखा त्रास होतो त्यांच्यात हा पहारा अनेकदा विरळ झालेला दिसतो. त्याची कारणं बरीच आहेत: वारंवार घेतलेली अँटिबायोटिक्स, पाळी जाणं, शुक्राणूनाशक जेली, आतून धुण्याची सवय. काहींमध्ये ते घराण्यातूनही येतं, आईला होतं तसं लेकीला. यात अस्वच्छपणाचा काही संबंध नाही.

मग प्रोबायोटिक नेमकं काय करतं?

पुरेशा संख्येने घेतल्यावर शरीराला फायदा करणारे जिवंत सूक्ष्मजीव, अशी प्रोबायोटिकची व्याख्या संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००१ मध्ये केली. यातला प्रत्येक शब्द कामाचा आहे. जिवंत हवेत, पुरेसे हवेत, आणि फायदा दिसायला हवा.

युरिन इन्फेक्शनच्या बाबतीत कल्पना सरळ आहे: पहारेकरी कमी झाले असतील तर बाहेरून आणून बसवायचे. ते आम्ल तयार करतील, जागा अडवतील, ई. कोलायला चिकटू देणार नाहीत. प्रोबायोटिक इन्फेक्शन बरं करत नाही. झालेलं इन्फेक्शन आधी औषधाने जायला हवं, प्रोबायोटिकचं काम झालंच तर पुढचं टाळण्याचं.

याला पुरावा काय? खरंच उपयोग होतो का?

थोडक्यात सांगायचं तर काही ठिकाणी झालेला दिसतो, काही ठिकाणी नाही. या एका प्रश्नाचं उत्तर मात्र सविस्तर वाचा, कारण जाहिरातीत यातला फक्त सोयीचा भाग येतो.

२०१५ मध्ये कॉक्रेन या संस्थेने तोपर्यंतचे ९ अभ्यास, एकूण ७३५ रुग्ण, एकत्र करून पाहिले. प्रोबायोटिकमुळे इन्फेक्शन ठळकपणे कमी होतं असं त्यातून सिद्ध झालं नाही. पण त्यातले बरेच अभ्यास लहान होते आणि प्रत्येकात जिवाणू वेगळा होता. अशी खिचडी करून “प्रोबायोटिक चालतं की नाही” याचं एकच उत्तर काढणं मला पटत नाही. प्रश्न प्रत्येक जिवाणूला वेगळा विचारायला हवा.

तो वेगळा विचारला तेव्हा काय दिसलं? २०११ मध्ये अमेरिकेत १०० तरुण बायकांवर एक अभ्यास झाला. इन्फेक्शन अँटिबायोटिकने बरं झाल्यावर त्यांनी लॅक्टोबॅसिलस क्रिस्पॅटस या जिवाणूच्या कॅप्सूल योनिमार्गात ठेवल्या: पहिले ५ दिवस रोज, मग १० आठवडे आठवड्यातून एकदा. प्रोबायोटिक घेतलेल्यांपैकी १५ टक्के जणींना पुन्हा इन्फेक्शन झालं, जिवाणू नसलेली नुसती कॅप्सूल घेतलेल्यांपैकी २७ टक्के जणींना. फरक डोळ्यांना दिसतो, पण बायकांची संख्या कमी असल्याने तो योगायोग नव्हेच असं ठामपणे म्हणता आलं नाही. मला त्यातली दुसरी नोंद जास्त महत्त्वाची वाटते: ज्यांच्या शरीरात तो जिवाणू खरोखर भरपूर वाढला, त्यांना संरक्षण चांगलं मिळालं.

२०१२ मध्ये नेदरलँड्समधल्या अभ्यासात पाळी गेलेल्या २५२ बायका होत्या. अर्ध्या जणींना रोज रात्री कमी डोसचं अँटिबायोटिक आणि बाकीच्यांना तोंडाने लॅक्टोबॅसिलसचे दोन वाण, जीआर-१ आणि आरसी-१४. वर्षभरात अँटिबायोटिकवाल्यांना सरासरी २.९ वेळा इन्फेक्शन झालं, प्रोबायोटिकवाल्यांना ३.३ वेळा. म्हणजे प्रोबायोटिक थोडं मागे पडलं, आणि अँटिबायोटिकच्या तोडीस तोड आहे असं त्यातून म्हणता आलं नाही. पण एका महिन्यातच अँटिबायोटिक घेणाऱ्यांच्या शरीरातल्या ई. कोलायमध्ये त्या औषधाला दाद न देणाऱ्यांचं प्रमाण साधारण २० ते ४० टक्क्यांवरून ८० ते ९५ टक्क्यांवर गेलं. प्रोबायोटिकच्या गटात असं झालं नाही. रोज अँटिबायोटिकच्या रिपोर्टवर एकामागून एक “आर”, म्हणजे रेझिस्टंट, लिहिणाऱ्या माझ्यासारखीला हा आकडा विसरता येत नाही.

आणि आपल्या देशातला अभ्यास चंदीगडचा, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला. पाळी चालू असलेल्या १७४ बायका, चार गट, चार महिने. इन्फेक्शन झालेल्यांचं प्रमाण असं: काहीच प्रोबायोटिक नसलेल्या गटात ७०.४ टक्के, फक्त तोंडाने घेतलेल्यांत ६१.३, फक्त योनिमार्गात ठेवलेल्यांत ४०.९ आणि दोन्ही घेतलेल्यांत ३१.८. हा अभ्यास डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही कोणाला काय दिलंय हे माहीत नसताना झालेला आहे, म्हणून त्याचं वजन जास्त. तरी एका केंद्रातला, पावणेदोनशे बायकांचा तो अभ्यास आहे. असेच निकाल आणखी दोन-तीन ठिकाणी आले तर मला फार आनंद होईल.

म्हणजे तोंडाने घेतलेल्या गोळ्या वाया गेल्या?

वाया गेल्या असं नाही, पण आकडे बघितले तर योनिमार्गात ठेवायच्या कॅप्सूलचा परिणाम जास्त दिसतो. त्यामागचं कारणही समजण्यासारखं आहे. तोंडाने घेतलेल्या जिवाणूला पोटातलं आम्ल पार करायचं, पित्त पार करायचं, आतड्यातून बाहेर यायचं आणि मग योनिमार्गापर्यंत पोचायचं. ई. कोलाय हीच वाट चालतो, त्यामुळे ती अशक्य नाही. लांबची आहे, एवढंच.

योनिमार्गातून घ्यायच्या कॅप्सूल मात्र स्वतःच्या मनाने आणू नका. स्त्रीरोगतज्ज्ञांनी तपासून, पांढरं जाणं किंवा दुसरा संसर्ग नाही ना हे बघून मगच. आणि एक बारीकशी गोष्ट, जी चिठ्ठीवर लिहिलेली असूनही राहून जाते: तोंडाने घ्यायची आणि आत ठेवायची कॅप्सूल दिसायला सारखी असू शकते. पाकीट वाचून घ्या.

रोज वाटीभर दही खाते. तेच प्रोबायोटिक नाही का?

ताई, दही सोडू नका. पण या कामासाठी त्याच्यावर भिस्त ठेवू नका.

आपलं विरजण म्हणजे कालच्या दह्याचा चमचाभर. शेजारणीकडून आणलेलं, तिने तिच्या माहेरून आणलेलं. त्यात प्रामुख्याने दूध आंबवणारे जिवाणू असतात: लॅक्टोकॉकस, स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस, लॅक्टोबॅसिलसच्या काही जाती. दुधात ते जोमाने वाढतात. योनिमार्गात पहारा देणारा क्रिस्पॅटस हा वेगळा जिवाणू, तो आपल्या विरजणात नसतो. दोघेही “लॅक्टोबॅसिलस” या आडनावाचे असले तरी एकाच घरचे नव्हेत. शिवाय कढी केली, ताक उकळलं, की होते तेही जिवाणू मेले.

ताक भरपूर प्या, त्याने पाणी तरी पोटात जातं. दही योनिमार्गात लावायचा घरगुती उपाय काही जणी करतात. तो कृपा करून करू नका. दह्यात लॅक्टोबॅसिलसबरोबर आणखी काय वाढलंय, हे डोळ्यांनी कळत नाही.

मेडिकलमध्ये प्रोबायोटिक मागितलं तर त्यांनी छोट्या प्लॅस्टिकच्या बाटल्या दिल्या. त्या चालतील?

त्या पाण्यासारख्या औषधाच्या बाटल्यांमध्ये बहुधा बॅसिलस क्लॉसी नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात. पुड्यांमध्ये अनेकदा सॅकरोमायसिस बोलार्डी असतो, आणि ते तर यीस्ट आहे. दोन्ही जुलाबासाठी आणि अँटिबायोटिकने बिघडलेल्या पोटासाठी देतात. युरिन इन्फेक्शन टाळण्यासाठीच्या वर सांगितलेल्या अभ्यासांत ते नव्हते.

दुकानात गेल्यावर मोठ्या अक्षरातलं “प्रोबायोटिक” वाचून थांबू नका, मागच्या बाजूचं बारीक अक्षर वाचा. जिवाणूचं पूर्ण नाव हवं, आणि त्यापुढे अक्षर-आकड्यांची खूण हवी, उदाहरणार्थ जीआर-१. ती खूण म्हणजे त्या वाणाची ओळख. नुसतं “लॅक्टोबॅसिलस” म्हणजे नुसतं “आंबा” म्हटल्यासारखं, हापूस की रायवळ ते कळत नाही. २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी या मोठ्या कुळाची फेरमांडणी केली, त्यामुळे रॅम्नोससच्या आधी आता “लॅक्टिकेसिबॅसिलस” आणि रियुटेरीच्या आधी “लिमोसिलॅक्टोबॅसिलस” छापलेलं दिसेल. जिवाणू तेच आहेत.

मग संख्या. ती सीएफयू या एककात लिहितात, म्हणजे त्यातून वाढू शकणाऱ्या जिवंत जिवाणूंची मोजणी. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार दिवसाच्या मात्रेत किमान १० कोटी जिवंत जिवाणू हवेत. ही संख्या बनवल्याच्या दिवसाची आहे की मुदत संपेपर्यंतची, तेही बघा. आणि साठवण: फ्रिजमध्ये ठेवायचं असं लिहिलेलं पाकीट एप्रिलमध्ये कुरिअरने चंद्रपूरला किंवा जळगावला पोचेपर्यंत आतले किती जगले असतील? असं पाकीट जवळच्या दुकानाच्या फ्रिजमधूनच घ्यावं.

माझी पाळी जाऊन पाच वर्षं झाली. मला काय उपयोगी पडेल?

तुम्ही प्रोबायोटिकच्या आधी डॉक्टरांना योनिमार्गात लावायच्या इस्ट्रोजेन मलमाबद्दल विचारा. मला वाटतं, या सगळ्या पानावरचा हा सर्वांत कामाचा सल्ला आहे आणि तोच सर्वांत कमी बायकांपर्यंत पोचतो.

पाळी गेली की इस्ट्रोजेन उतरतं. योनिमार्गाचं अस्तर पातळ, कोरडं होतं, त्यातलं ग्लायकोजेन कमी होतं आणि लॅक्टोबॅसिलसला खायलाच उरत नाही. अशा वेळी बाहेरून कितीही जिवाणू आणून सोडले तरी ते टिकणार कशावर? जमीन आधी ओली हवी, मग पेरणी. काचेवरही ते दिसतं: जांभळ्या काड्या जवळजवळ नाहीशा आणि त्यांच्या जागी इतर जंतूंची गर्दी.

१९९३ मध्ये पाळी गेलेल्या ९३ बायकांच्या अभ्यासात इस्ट्रिऑल, म्हणजे एक प्रकारचं इस्ट्रोजेन, असलेलं मलम लावणाऱ्यांना वर्षाला सरासरी ०.५ वेळा इन्फेक्शन झालं आणि औषध नसलेलं नुसतं मलम लावणाऱ्यांना ५.९ वेळा. लॅक्टोबॅसिलसही परत आले. हे मलम त्या जागेपुरतं काम करतं, रक्तात फार थोडं उतरतं, त्यामुळे हार्मोनच्या गोळ्यांशी त्याची गल्लत करू नका. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर मात्र कर्करोगाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका.

किती जणी सांगतात, “आता या वयात तिथे मलम कसं मागायचं डॉक्टरांकडे?” मागा. सारखी कळ सोसण्यापेक्षा एकदा बोलणं सोपं आहे.

अँटिबायोटिक चालू असताना प्रोबायोटिक घ्यावं का?

घेता येतं, दोन्हींमध्ये निदान दोन तासांचं अंतर ठेवा. योनिमार्गातल्या कॅप्सूल अभ्यासांमध्ये साधारणपणे अँटिबायोटिकचा कोर्स संपल्यावर सुरू केलेल्या होत्या. जळजळ थांबली म्हणून अँटिबायोटिक मध्येच सोडून प्रोबायोटिकवर जाऊ नका.

किती दिवस घ्यायचं?

वर सांगितलेल्या अभ्यासांत अडीच महिने, चार महिने आणि वर्ष, असे काळ होते. आठवडाभर घेऊन “काही फरक नाही” म्हणणं घाईचं होईल. डॉक्टरांशी बोलून तीन-चार महिने ठरवा, त्या काळात किती वेळा त्रास झाला ते कॅलेंडरवर खूण करून ठेवा, आणि आधीच्या तीन-चार महिन्यांशी ताडून बघा. फरक नसेल तर थांबवा. या गोळ्या स्वस्त नसतात आणि महिन्याच्या खर्चात बाई स्वतःच्या औषधाला शेवटचा नंबर देते, हे मला ठाऊक आहे.

दुष्परिणाम?

सुरुवातीला पोट थोडं फुगतं, गॅस होतो. योनिमार्गातल्या कॅप्सूलने काहींना स्राव वाढल्यासारखा वाटतो, किंचित खाज येते. केमोथेरपी चालू असेल, अवयव प्रत्यारोपण झालं असेल किंवा प्रतिकारशक्ती खूप कमी करणारी औषधं चालू असतील, तर डॉक्टरांच्या परवानगीशिवाय नको. अशा शरीरात क्वचित प्रोबायोटिकमधला जिवाणूच रक्तात शिरतो.

मी गरोदर आहे. / मला डायबेटिस आहे.

गरोदर असाल तर हे पान बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जा. गरोदरपणात काही त्रास नसताना लघवीत जंतू सापडले तरी उपचार करतात, कारण इन्फेक्शन किडनीपर्यंत जाण्याची शक्यता जास्त असते. प्रोबायोटिकवर थांबायची ती वेळ नव्हे.

डायबेटिस असेल तर साखर ताब्यात आणणं पहिलं. शिवाय साखर लघवीवाटे बाहेर काढणाऱ्या काही नव्या गोळ्या आहेत, त्यांनी योनिमार्गात बुरशीचा त्रास वाढतो. त्याची जळजळ युरिन इन्फेक्शनसारखीच वाटते. तुमची गोळी त्यातली आहे का, ते विचारून घ्या.

इंटिमेट वॉश वापरला तर लॅक्टोबॅसिलस वाढतात असं जाहिरातीत दाखवतात.

धुऊन जिवाणू वाढत नाहीत. बाहेरून साध्या पाण्याने धुवा, पुढून मागे. आतून धुऊ नका. डेटॉल, तुरटीचं पाणी, सुगंधी साबण, यातलं काहीही आत जाऊ देऊ नका. शुक्राणूनाशक लावलेले कंडोम किंवा जेली वापरत असाल तर बदला. त्यातलं नॉनऑक्सिनॉल-९ हे रसायन लॅक्टोबॅसिलसलाही मारतं, आणि ते वापरणाऱ्या बायकांना इन्फेक्शन जास्त होतं हे चांगलं सिद्ध झालेलं आहे.

पाण्याने खरंच फरक पडतो, की सगळ्याच आजारांना सांगतात तसं?

खरंच पडतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वारंवार इन्फेक्शन होणाऱ्या आणि दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी पिणाऱ्या १४० बायका होत्या. अर्ध्या जणींनी रोजच्यापेक्षा दीड लिटर पाणी जास्त प्यायलं. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा इन्फेक्शन झालं, बाकीच्यांना ३.२ वेळा. यात ना गोळी, ना खर्च. किडनीचा किंवा हृदयाचा आजार असेल तर मात्र पाण्याचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच.

पण हे लिहिताना माझा हात थांबतो. पाणी प्या म्हणणं सोपं, लघवीला जायचं कुठे? तालुक्याच्या बाजारात दिवसभर भाजी घेऊन बसणारी, उसाच्या फडावर कोयता चालवणारी, एसटीने दोन तास लांब शाळेवर जाणारी शिक्षिका, या सगळ्या एकच युक्ती करतात: सकाळपासून पाणीच पीत नाहीत. आलेली लघवी तासन्‌तास धरून ठेवतात. मुंबईत २०११ पासून “राइट टू पी” या नावाने बायकांनी स्वच्छ, मोफत मुतारीसाठी मोहीम चालवली ती याच कारणाने. बाईने पाणी पीत नाही म्हणून तिला रागवण्याआधी तिच्या कामाच्या जागी संडास आहे का, दाराला कडी आहे का, नळाला पाणी आहे का, हे विचारायला हवं. शाळेत, कारखान्यात, दुकानात तुमच्या हातात थोडी सत्ता असेल तर ती कडी बसवून घ्या. कोणत्याही कॅप्सूलपेक्षा ते जास्त बायकांना उपयोगी पडेल.

क्रॅनबेरी आणि डी-मॅनोज?

क्रॅनबेरीचा पुरावा आता बरा आहे. २०२३ मध्ये कॉक्रेनने ५० अभ्यास एकत्र करून पाहिले, त्यात वारंवार इन्फेक्शन होणाऱ्या बायकांमध्ये धोका साधारण २६ टक्क्यांनी कमी दिसला. हे फळ आपल्याकडचं नाही, गोळ्या किंवा सरबताच्या रूपात मिळतं, आणि सरबतात साखर फार. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी विचारा. डी-मॅनोज या साखरेच्या प्रकाराचा मात्र ब्रिटनमध्ये ५९८ बायकांवरच्या, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उपयोग दिसला नाही. धने-जिऱ्याचं पाणी, कोकम, वाळ्याचं पाणी जरूर प्या. त्यातलं पाणी कामाचं आहे.

नवऱ्यालाही औषध द्यावं लागतं का?

नाही. हा संसर्ग नवऱ्याकडून “आलेला” नसतो. संबंधांनंतर त्रास होतो हे खरं, कारण बाहेरचे जंतू त्या वेळी मूत्रनलिकेत ढकलले जातात. संबंधांनंतर लघवीला जाऊन या. यावरून घरात संशय घेऊ नये, कुणीही कुणावर.

प्रोबायोटिक चालू असताना पुन्हा जळजळ सुरू झाली तर?

कल्चरला नमुना द्या आणि डॉक्टरांना भेटा. थंडी वाजून ताप, कुशीत किंवा बरगडीखाली पाठीत दुखणं, उलट्या, यातलं काही असेल तर त्याच दिवशी. इन्फेक्शन किडनीत गेल्याची ही लक्षणं असू शकतात. न दुखता लघवीतून रक्त जात असेल तर तेही दाखवा, विशेषतः पन्नाशीनंतर. असलं दुखणं अंगावर काढू नका.

माझ्या सासूबाईंना काहीच त्रास नाही, पण रिपोर्टमध्ये जंतू आलेत.

वयस्कर बायकांमध्ये हे पुष्कळदा दिसतं. जळजळ नाही, ताप नाही, नुसते रिपोर्टमध्ये जंतू, तर सहसा अँटिबायोटिक देत नाहीत. दिलं तर दाद न देणारे जंतू तेवढे मागे उरतात. अपवाद गरोदर बाईचा आणि मूत्रमार्गाच्या काही शस्त्रक्रियांआधीचा.

कल्चरसाठी लघवी कशी द्यायची?

लॅबमधूनच निर्जंतुक डबी घ्या, घरातली धुतलेली औषधाची बाटली नको. हात धुवा, खालची जागा साध्या पाण्याने धुऊन कोरडी करा. पहिली धार संडासात जाऊ द्या, मधली डबीत घ्या, शेवटची पुन्हा बाहेर. झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावू नका. पाळी चालू असेल तर सांगा. डबी दोन तासांत पोचवा, उशीर होणार असेल तर फ्रिजमध्ये ठेवून त्याच दिवशी आणा. उन्हात तापलेल्या गाडीच्या डिकीतून आलेल्या डबीत चार-दोन जंतूंचे लाखो झालेले असतात आणि मग रिपोर्ट खोटा बोलतो.

आल्यावर मी त्यातला अगदी बारीक थेंब तारेच्या कडीने उचलून हिरवट-निळ्या थाळीवर रेघोट्या ओढते आणि थाळी रात्रभर ३७ अंशांवर ठेवते. ई. कोलाय असेल तर सकाळी ती थाळी पिवळी झालेली असते. त्यानंतर कोणतं औषध चालेल हे कळायला आणखी एक दिवस. म्हणून सोमवारी दिलेल्या डबीचा पूर्ण रिपोर्ट बुधवारी मिळतो, आणि डबी रुमालात गुंडाळून आणायची काहीही गरज नाही.